मेंदूला गंज चढतो म्हणजे नेमकं काय होतं?

शेवंती
सोमवार, सकाळी १०:१२

माझी आई ७१ वर्षांची आहे. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं तिनं. अडीचकीचे पाढे आजही न अडखळता म्हणते, पण गेल्या दिवाळीपासून "गॅस बंद केला का गं?" हा प्रश्न तासाभरात पाच-सहा वेळा येतो. मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय केला, स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या आणि ही अल्झायमरची सुरुवात असावी असं सांगितलं.

परवा मावशी एक बाटली घेऊन आली. वर लिहिलंय, 'मेंदूवरचा गंज उतरवते, डीएनएची झीज भरून काढते'. महिन्याचा खर्च २,४०० रुपये. मावशीनं पदरचे पैसे घालून आणलीय आणि बहिणीच्या काळजीपोटी आणलीय, त्यामुळे नुसतं "नको" म्हणवत नाही. मला आधी समजून घ्यायचंय. मेंदूत खरंच असं काही गंजतं का? डीएनए झिजतो म्हणजे काय? आणि तो गोळीनं भरून निघतो का?

मी कॉमर्सची आहे, सोप्या शब्दांत सांगा.

गोदाकाठ
सोमवार, सकाळी १०:३१

वाचतोय. आमच्या घरीही वडिलांसाठी अशीच बाटली आलेली आहे, फक्त कंपनी वेगळी.

प्रयोगवही
सोमवार, दुपारी १:०५

शेवंतीताई, मी गेली अकरा वर्षं डीएनए-दुरुस्तीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. जमेल तितकं सोपं करतो.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण आपण घेतो त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा खातो. हा ऑक्सिजन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या चिमुकल्या चुलींत, वापरला जातो. चुलीतून जशा ठिणग्या उडतात तसे तिथून काही अर्धवट, चिडखोर रेणू बाहेर पडतात. समोर येईल त्याला चिकटायचं, हा त्यांचा स्वभाव. डीएनए म्हणजे पेशीच्या सूचना चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला दुपदरी धागा. त्या चार अक्षरांपैकी ग्वानिन हे अक्षर सगळ्यांत लवकर बळी पडतं. त्याला एक ऑक्सिजन चिकटला की त्याचं '८-ऑक्सोग्वानिन' होतं. ग्वानिनची जोडी एरवी सायटोसिनशी जमते, हे बिघडलेलं अक्षर मात्र ॲडेनिनशीही जोडी जमवतं. प्रत काढताना तिथे चूक होते आणि ती कायमची बसते.

आता दुरुस्ती. जुन्या बाजारपेठांत रफूवाले बसायचे ना, अगदी तसं काम चालतं. ओजीजी-१ नावाचं एन्झाइम धाग्यावरून सरकत जातं, बिघडलेलं अक्षर हुडकतं आणि तेवढंच कापून काढतं. एपीई-१ त्या जागी धागा कापतं, पॉलिमरेज बीटा नवं अक्षर भरतं आणि लायगेज टाका घालून टोकं जोडतं. डीएनए मुळात इतका नाजूक आहे की अशी दुरुस्ती असायलाच हवी, हे थॉमस लिंडाल यांनी आधी ताडलं आणि १९७४ मध्ये या साखळीतलं पहिलं एन्झाइम शोधून दाखवलं. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांच्यासोबत याच विषयासाठी मिळालं.

तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी हे रफूकाम चालू असतं. झीज होते हे खरं आहे, पण ती अल्झायमर झाल्यावर सुरू होत नाही. ती जन्मापासून आहे. खरा प्रश्न रफूवाला झिजेला पुरा पडतो की नाही, हा आहे.

भट्टीवाले_आजोबा
सोमवार, दुपारी ३:४८

प्रयोगवही, छान लिहिलंत. मी यंत्र अभियंता, आयुष्य ओतशाळेत गेलं. 'गंज' हा शब्द जाहिरातीपुरता असावा असं मलाही वाटलं होतं, पण माझ्या पत्नीला पार्किन्सन झाल्यावर वाचन सुरू केलं आणि चकित झालो. मेंदूत लोखंड असतं, आणि वयानुसार काही भागांत ते साठत जातं. पार्किन्सनमध्ये मरणाऱ्या पेशी ज्या काळसर भागात असतात, त्या सबस्टँशिया नायग्रात तर ते खासच. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोखंड एकत्र आले की हायड्रॉक्सिल नावाचा फार जहाल रेणू तयार होतो. ही रासायनिक क्रिया फेंटन यांनी १८९४ मध्येच नोंदवून ठेवली आहे. या पेशी बनवतात तो डोपामिन हा निरोप्या रेणू तयार होताना आणि मोडताना पेरॉक्साइडही बनतं. म्हणजे ठिणगी आणि दारू एकाच खोलीत.

पोलादावरचा गंज घासून निघतो आणि खालचा धातू शाबूत असतो. इथे घासायला काही नाही. हे 'उतरवते' म्हणणं मला पटत नाही.

निंबोणी
सोमवार, रात्री ९:२०

मला यातलं शास्त्र फार कळत नाही, पण आमच्या घरात हे घडलंय म्हणून लिहिते.

आम्ही सांगलीकडचे. माझं लग्न मामाच्या मुलाशी झालं, आमच्याकडे चालतं तसं. मुलगा वर्षाचा असताना चालायला लागला. तीन वर्षांचा झाला तेव्हा चालताना झोकांड्या जायला लागल्या. सगळे म्हणाले कॅल्शियम कमी आहे. मग डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल रेषा दिसायला लागल्या. डोळे आलेत म्हणून वर्षभर थेंब घातले. सर्दी-खोकला तर पाचवीला पुजलेला. सहाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी त्याला फक्त भिंतीवरची पाल बघायला सांगितली. नजर पालीवर न्यायला त्याला आधी मान फिरवावी लागली, मग डोळे मागून आले. त्यांनी लगेच रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन नावाचं प्रथिन तपासलं. ते खूप वाढलेलं होतं. मग जनुकाची तपासणी. निदान आलं ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया.

समुपदेशन करणाऱ्या बाईंनी सांगितलं की एटीएम नावाचं एक जनुक आहे, डीएनए तुटला की आरोळी ठोकणारं. ते त्याच्या दोन्ही प्रतींत बिघडलेलं आहे, एक माझ्याकडून आणि एक ह्यांच्याकडून. आम्ही दोघं धडधाकट, कारण आमची दुसरी प्रत चांगली. आजीकडून दोघांकडे एकच बिघाड आला असणार.

तो आता चौदाचा आहे. व्हीलचेअरवर असतो, पण बुद्धी लख्ख. कॅरममध्ये बापाला हरवतो, सोंगटी मात्र मी धरते. त्याचा एक्स-रेसुद्धा विचारल्याशिवाय काढू देत नाही आम्ही, कारण किरणांनी झालेलं नुकसान त्याचं शरीर भरून काढू शकत नाही.

कुणाच्या लेकराचे डोळे सतत लाल आणि चाल डळमळीत असेल, तर थेंब घालत बसू नका, एवढं सांगायला आले.

शेवंती
सोमवार, रात्री ९:४१

निंबोणीताई, काय लिहू कळत नाही. तुमच्या लेकाला माझ्याकडून खूप आशीर्वाद.

सोंगटी
सोमवार, रात्री १०:०२

निंबोणीताई, त्याला म्हणावं ऑनलाइन कॅरम खेळायचा असेल तर मी तयार आहे. हरलो तर पावभाजी माझ्याकडून.

रिफ्लेक्स_हातोडी
मंगळवार, सकाळी ७:१५

मी न्यूरोलॉजिस्ट आहे. निंबोणी यांनी लिहिलंय ते आमच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवावं असं आहे. त्या पालीच्या परीक्षेला वैद्यकीय नाव आहे, पण पालच लक्षात राहील.

एटीएम हे जनुक १९९५ मध्ये तेल अवीवमधल्या योसेफ शिलो यांच्या गटानं हुडकलं. या आजारात लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी जातात, म्हणून तोल जातो. अशा आजारांचं एक मोठं घराणं आहे. झीरोडर्मा पिगमेंटोसममध्ये उन्हानं झालेली डीएनएची इजा दुरुस्त होत नाही. १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी हे दाखवलं. त्वचेचे कर्करोग तर होतातच, पण साधारण चारांतल्या एका रुग्णाचा मेंदूही हळूहळू खंगतो. मेंदूपर्यंत ऊन पोचत नाही, तरी. कॉकेन सिंड्रोममध्ये तर कर्करोगाचा धोका वाढत नाही, फक्त वाढ खुंटते आणि मेंदू-नसा लवकर म्हाताऱ्या होतात. जपान आणि पोर्तुगालमध्ये जास्त आढळणारा एक ॲटॅक्सिया, म्हणजे तोल जाण्याचा आजार, आहे, त्यात अप्राटॅक्सिन नावाचं प्रथिन बिघडतं आणि डीएनएच्या एका पदरातले तुटलेले धागे जोडायचे राहतात.

दुरुस्तीचं जनुक शरीरभर बिघडलेलं असताना मार मेंदूलाच का बसतो? त्वचेची, आतड्याची पेशी खराब झाली तर मरते आणि शेजारीण तिची जागा घेते. न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली चेतापेशी, जन्माला येतो तो जवळजवळ आयुष्यभरासाठी. शेवंतीताईंच्या आईचे बहुतेक न्यूरॉन ७१ वर्षांचे आहेत. शिवाय विभागणारी पेशी डीएनएची नुकतीच काढलेली ताजी प्रत समोर ठेवून दुरुस्ती करू शकते. न्यूरॉन विभागतच नाही, त्यामुळे त्याला तो आधार नाही.

दवाखान्याची वेळ झाली. गोळ्यांबद्दल रात्री लिहितो.

प्रयोगवही
मंगळवार, सकाळी ११:३०

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून. हैदराबाद विद्यापीठात के. सुब्बा राव यांनी उंदरांच्या मेंदूवर वर्षानुवर्षं हेच काम केलं. म्हाताऱ्या उंदराच्या न्यूरॉनच्या अर्कात रफूकाम मंदावलेलं दिसलं. त्यात पॉलिमरेज बीटा आणि लायगेज बाहेरून घातले तेव्हा दुरुस्ती पुन्हा चालू लागली. म्हणजे कारागिरी विसरलेली नव्हती, कारागीर कमी पडले होते. परीक्षानळीतला प्रयोग आहे हे लक्षात ठेवा, माणसाच्या डोक्यात एन्झाइम ओतता येत नाही.

आणि अल्झायमरचं म्हणाल, तर केंटकीतल्या लव्हेल आणि मार्क्सबेरी यांच्या गटाला रुग्णांच्या मेंदूत ८-ऑक्सोग्वानिन जास्त सापडलं. नुसता सौम्य विसराळूपणा असलेल्यांच्या मेंदूतही ते वाढलेलं होतं. म्हणजे हे नुकसान आजाराच्या शेवटी झालेली पडझड नाही, ते बरंच आधी सुरू होतं. पण आधी दिसलं म्हणून तेच कारण, असं म्हणायला मी धजावत नाही. पावसाआधी मुंग्या बाहेर पडतात, मुंग्यांमुळे पाऊस येत नाही.

जायफळ
मंगळवार, दुपारी २:१०

सगळं पाश्चात्त्यांचंच ऐकायचं का? आपल्याकडे हळद आहे, आवळा आहे. हरियाणातल्या बल्लभगढला अल्झायमर फार कमी सापडला होता हे मी वाचलंय. तिथले लोक रोज हळद खातात. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

प्रयोगवही
मंगळवार, दुपारी ३:२५

जायफळ, बल्लभगढचा अभ्यास खरा आहे आणि चांगला आहे. पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला खोऱ्याशी तुलना करून केलेला. पण तिथल्या लोकांत अल्झायमरचा धोका वाढवणारं ॲपोई-४ हे जनुकरूपही कमी होतं, आयुर्मान वेगळं होतं, आहार, कष्ट, सगळंच वेगळं. यातून एकट्या हळदीला श्रेय देता येत नाही. हळदीतलं कर्क्युमिन थेट अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिलंय, २०१२ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. ते आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. भाजीत हळद घालाच, मीही घालतो. तिला औषधाचा दर्जा द्यायला पुरावा लागेल, इतकंच.

जायफळ
मंगळवार, दुपारी ४:००

ॲपोईचं माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. आवळ्याचा मुरांबा मात्र सोडणार नाही.

आगपेटी
मंगळवार, सायंकाळी ६:५५

'दुरुस्ती म्हणजे चांगलीच' हे इथं सगळ्यांनी गृहीत धरलंय, त्याला माझा विरोध आहे. माझ्या सासरी हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार आहे. सासरे गेले, एक नणंद आजारी आहे, नवऱ्यानं अजून तपासणी केलेली नाही. त्यामुळे या एका आजाराचं मी जेवढं मिळेल तेवढं वाचलंय.

हंटिंग्टनच्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ३६ किंवा त्याहून जास्त वेळा आली की धोका सुरू. हे १९९३ मध्ये कळलं. मेंदूतल्या पेशींत ही माळ वयाबरोबर आणखी लांबत जाते. आणि ती लांबवतं कोण? २००७ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की ८-ऑक्सोग्वानिन काढायला आलेलं तेच ओजीजी-१ एन्झाइम कापतं, मग भरताना धागा घसरतो आणि जास्तीचे मणी ओवले जातात. ओजीजी-१ नसलेल्या उंदरांत ही माळ कमी वाढली. २०१५ मध्ये हजारो रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा आजार कोणत्या वयात सुरू होतो हे ठरवणाऱ्या जागांत डीएनए-दुरुस्तीची जनुकं निघाली. आज या आजारावर जी औषधं शोधताहेत, त्यांतली काही दुरुस्तीच्या एका यंत्रणेला आवर घालण्यासाठी आहेत.

'डीएनए-दुरुस्ती वाढवते' असं लिहिलेली बाटली माझ्या घरात आली तर मी ती उघडणार नाही.

प्रयोगवही
मंगळवार, सायंकाळी ७:४०

आगपेटी, तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. आणखी एक उदाहरण. डीएनए तुटला की पार्प-१ नावाचं प्रथिन धावत येतं आणि खुणेचं निशाण रोवतं. त्या निशाणाला एनएडी हा पेशीचा ऊर्जेचा साठा खर्ची पडतो. दुरुस्ती पुरी होत नसेल तर निशाणं रोवणं थांबतच नाही आणि पेशी दिवाळखोरीत निघते. एक्सआरसीसी-१ हे दुरुस्तीचं प्रथिन बिघडलेल्या ॲटॅक्सियात हेच घडतं असं २०१७ मध्ये दिसलं. अर्धवट रफू भोकापेक्षा वाईट.

रातराणी_ड्युटी
मंगळवार, रात्री ११:५८

मी आयसीयूत परिचारिका आहे, आत्ता रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत लिहितेय. झोपेचा आणि याचा संबंध आहे का? बारा वर्षं महिन्यातले दहा दिवस रात्रपाळी. खरं सांगा, धीर देण्यासाठी सांगू नका.

प्रयोगवही
बुधवार, सकाळी ८:१०

संबंध आहे, आणि मला या सगळ्या विषयातलं सर्वांत आवडतं काम तेच आहे. झेब्राफिश नावाचे मासे बाल्यावस्थेत पारदर्शक असतात, जिवंतपणी त्यांच्या न्यूरॉनमध्ये डोकावता येतं. इस्रायलमधल्या बार-इलान विद्यापीठातल्या गटानं २०१९ मध्ये पाहिलं की मासा जागा असताना न्यूरॉनच्या डीएनएतले तुटलेले धागे साचत जातात, आणि झोपल्यावर गुणसूत्रांची हालचाल वाढून ते सांधले जातात. २०२१ मध्ये त्यांनीच दाखवलं की नुकसान साचलंय हे पार्प-१ ओळखतं आणि माशाला झोप आणतं. म्हणजे काल लिहिलेलं ते निशाण झोपेचंही बोलावणं आहे.

माशावरून माणसाच्या रात्रपाळीचा हिशेब मांडता येत नाही. दिवसा मिळेल ती झोप अंधारात, फोन बाहेर ठेवून, सलग घ्या, एवढं मी बहिणीला सांगेन तसं सांगतो.

शब्दकोडे_रोज
बुधवार, सकाळी ९:३०

मी कुठंतरी वाचलं की नवीन काही शिकतानाही मेंदूतला डीएनए तुटतो. खरं असेल तर माझी कोडी बंद करू की काय?

रिफ्लेक्स_हातोडी
बुधवार, दुपारी २:२०

कोडी अजिबात बंद करू नका! २०१३ मध्ये उंदरांना खेळणी आणि वास असलेल्या नव्या जागी दोन तास सोडलं, तेव्हा न्यूरॉनमधला डीएनए दोन्ही पदरांत तुटलेला आढळला. बहुतेक ठिकाणी तो चोवीस तासांत सांधला गेला. २०१५ मध्ये एमआयटीतल्या ली-ह्वे त्साय यांच्या गटानं कारण दाखवलं. स्मृतीसाठी लागणारी जनुकं चटकन उघडावीत म्हणून पेशी स्वतःच टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम वापरून तिथे छेद देते. पार्सल उघडायला सुतळी कापावी लागते, तसं. अल्झायमरसारखा आजार दिलेल्या उंदरांत मात्र हे छेद मुळातच जास्त होते आणि जास्त काळ उघडे राहत होते.

काल रात्री लिहायचं राहिलं ते आता. शेवंतीताई, तुमचा मूळ प्रश्न गोळीचा.

'नुकसान ऑक्सिडीकरणानं होतं, मग अँटिऑक्सिडंट द्या' हा तर्क इतका सरळ आहे की आम्हा डॉक्टरांनाही तो पटला होता आणि मोठ्या चाचण्या झाल्या. पार्किन्सनच्या ८०० रुग्णांना ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं, १९९३ मध्ये निकाल आला, उपयोग नाही. सौम्य विसराळूपणा असलेल्या ७६९ जणांच्या तीन वर्षांच्या चाचणीत, २००५ मध्ये, ई जीवनसत्त्वानं अल्झायमर रोखला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ६१३ माजी सैनिकांत थोडा फायदा दिसला. रोजची कामं जमेनाशी होण्याचा वेग जरा मंदावला, स्मरणशक्तीत फरक नाही. तोही अल्झायमर झालेल्यांत, रोज २,००० युनिट अशा मोठ्या डोसवर आणि देखरेखीखाली. उलट बाजूही आहे. निरोगी पुरुषांच्या एका मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. फिनलंडच्या धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिन दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग वाढला. पेशी या चिडखोर रेणूंचा निरोपासाठीही वापर करते, सरसकट सगळे पुसून चालत नाही.

आता कामाचं. आईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? असेल तर जास्त डोसचं ई जीवनसत्त्व रक्तस्रावाचा धोका वाढवतं. बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय का? आई शाकाहारी असतील तर बी-१२ आधी. ऐकू नीट येतं का, साखर-रक्तदाब आटोक्यात आहे का? बाटलीवरच्या घटकांचा फोटो तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रयोगवही
बुधवार, दुपारी ३:०५

आणि चालणं. चाकात पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत एपीई-१, म्हणजे तो धागा कापणारा कारागीर, वाढलेला दिसलाय.

भट्टीवाले_आजोबा
बुधवार, सायंकाळी ५:१२

पत्नीला रोज सकाळी तळ्याभोवती दोन फेऱ्या मारून आणतो. पाऊल अडलं की मी "डावा, उजवा" म्हणतो, मग चालते.

शेवंती
शनिवार, दुपारी १२:४५

सगळ्यांचे आभार. पाच दिवसांत जे समजलं ते वर्षभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून समजलं नव्हतं.

आई शाकाहारीच आहे. बी-१२ तपासलेलंच नव्हतं, काल अहवाल आला, बरंच कमी आहे. इंजेक्शनं सुरू झाली. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यानं थोडा फरक पडू शकतो, अल्झायमरचं निदान यामुळे खोडलं जात नाही. आईला हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. बाटलीत ई जीवनसत्त्व किती ते त्यांनी वाचलं आणि बाटली बंद करायला सांगितली.

मावशीला हे सांगणं अवघड होतं. मी तिला हा धागाच मोठ्यानं वाचून दाखवला. निंबोणीताईंचा प्रतिसाद वाचताना ती रडली. मग म्हणाली, "म्हणजे मी काय आणू ते सांग." मी म्हटलं, संध्याकाळी सहाला ये आणि तिला चालायला ने. तीन दिवस येतेय. दोघी देवळापर्यंत जातात आणि लहानपणीची भांडणं काढत परत येतात. काल आईनं गॅसबद्दल दोनदाच विचारलं. त्यातून काही निष्कर्ष काढायचा नाही हे मला कळतं, तरी लिहिलं.

गोदाकाठ
शनिवार, दुपारी १:३०

वडिलांचं बी-१२ तपासायला सोमवारी नेतोय. उपाशीपोटी न्यावं लागतं का?

रातराणी_ड्युटी
शनिवार, दुपारी १:५२

प्रयोगशाळेला फोन करून विचारा, काही जण उपाशी यायला सांगतात. आणि ते बी-१२ च्या गोळ्या आधीपासून घेत असतील तर तसं नक्की सांगा, नाहीतर आकडा फसवा येतो.